दर पावसाळ्यात तोच पुराचा मेसेज परत येतो: दोष कुठे आहे आणि आम्ही तो कसा काढला

तक्रार अशी आहे. जुलैत दोन-तीन दिवस पावसाची धार लागली की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतो. शब्द थोडेफार बदलतात, पण साचा ठरलेला. "अतिमहत्त्वाचे. राधानगरीचे सातही दरवाजे उघडले. उद्या सकाळपर्यंत पंचगंगेचं पाणी सहा फुटांनी वाढणार. आपल्या माणसांना ताबडतोब कळवा." खाली अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: धरणातून कोसळणारं पाणी आणि कुणाचा तरी घाबरलेला आवाज. आम्ही खोटं आहे म्हणून सांगतो, लोक मान डोलावतात, आणि पुढच्या पावसाळ्यात, कधी कधी पुढच्याच आठवड्यात, तोच व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडून परत येतो.

मी कोल्हापुरात नदीकाठच्या पेठेत राहतो. २०१९ आणि २०२१ ही दोन्ही सालं आमच्या भिंतींवर अजून दिसतात. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर, जिथं कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. असा मेसेज वाचून इथलं कुणी हसत नाही. पोटात गोळाच येतो.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण आमच्या शेजारच्या आजी. २०२० च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री असाच मेसेज आला. आदल्या वर्षीचा पूर डोळ्यांपुढे होता. आजी एकट्या. त्यांनी कागदपत्रांची पिशवी आणि देवाचा डबा उचलला, भर पावसात घर सोडलं आणि कोपऱ्यावर पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. त्या रात्री पाणी इशारा पातळीच्या कितीतरी खाली होतं. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, पाणी खरोखर चढायला लागलं तेव्हा आजी जागच्या हलेनात. "रोजचंच हाय हे. गेल्या बारीला हात मोडून घेतला. आता न्हाई हलायची मी." शेवटी तालमीच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून बाहेर काढलं, तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलेलं होतं. खोट्या मेसेजने एकदा हात मोडला. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वासही त्यानेच काढून घेतला.

आधी करून पाहिलेले, न चाललेले उपाय

पहिला उपाय सगळेच करतात: खाली मोठ्या अक्षरांत "खोटा मेसेज आहे" असं लिहायचं. हा टिकत नाही. तासाभरात वर चाळीस मेसेज चढतात आणि आपला खुलासा तळाला जातो, तर मूळ मेसेज तोवर आणखी पाच ग्रुपवर पोचलेला असतो. शिवाय ज्या तात्यांनी तो टाकलेला असतो ते दोनशे माणसांदेखत खजील होतात. पुढच्या वेळी ते आपल्या ग्रुपवर टाकत नाहीत, दुसरीकडे टाकतात. आपल्याला वाटतं रोग बरा झाला, आणि तो शेजारच्या गल्लीत पसरत असतो.

दुसरा उपाय, ग्रुप बंद करून फक्त ॲडमिनने लिहायचं. हा आम्ही २०२१ च्या जूनमध्ये केला आणि जुलैत मागे घेतला. कुणाच्या दारात पाणी आलंय, कुठल्या बोळातून ट्रॅक्टर जातोय, कुणाला इन्सुलिन हवंय, हे त्याच ग्रुपवर कळतं. तो बंद करणं म्हणजे आपलेच कान बंद करणं.

तिसरा, पडताळणी करणाऱ्या संस्थांच्या बातमीची लिंक टाकणं. देशपातळीवरच्या अफवांना याचा उपयोग होतो. पण "रेडेडोह फुटला" (म्हणजे नदी तिथं पात्राबाहेर पडली) किंवा "शिरोलीजवळ हायवे बंद झाला" यासारखी गोष्ट रात्री अकराला कोण तपासून देणार? आमच्या अफवा आमच्या तालुक्याच्या असतात. तपासही इथंच करावा लागतो.

चौथा उपाय व्हॉट्सॲपनेच केलेला आहे. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. त्या वर्षी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, १ जुलैला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं होतं. देशात इतरत्रही तसंच घडत होतं. पुढे एप्रिल २०२० मध्ये, जो मेसेज पुष्कळ हातांतून फिरलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं गेलं. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. ही खूण दिसली की थांबा, एवढं मी सगळ्यांना सांगतो. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, व्हिडिओ उतरवून घेऊन नव्याने टाकला, की खूण जाते. म्हणजे बाण नाहीत याचा अर्थ मेसेज ताजा आहे असा होत नाही.

मूळ दोष

बरीच वर्षं मी समजत होतो की लोक भोळे आहेत. ते चूक होतं. पुढे पाठवणारा माणूस बहुतेक वेळा काळजीने पाठवतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावाकडच्या आईला पाठवतो, मामी भाच्याला पाठवते. "नसेल खरं तर उत्तम, पण असलं तर?" हा हिशेब त्यामागे असतो, आणि नदीकाठच्या माणसाने तो करण्यात गैर काही नाही. म्हणून माणसाला दुरुस्त करायला जाऊ नका. मेसेज उघडून पाहा.

मी मागच्या तीन पावसाळ्यांतले असे मेसेज वहीत उतरवून ठेवले. जवळजवळ सगळ्यांत तोच दोष सापडला: तारीख नव्हती. "आज", "उद्या सकाळी", "आत्ताच", "पुढचे ४८ तास". हे शब्द कधी शिळे होत नाहीत. २०१९ मध्ये खरा असलेला "उद्या" २०२४ मध्ये वाचणाऱ्यालाही उद्याच वाटतो. यातले कित्येक मेसेज लिहिले गेले तेव्हा खरे होते. कुणीतरी जबाबदारीने लिहिले होते. फक्त तारीख घातली नाही, आणि त्या एका चुकीने खरा इशारा पुढची सगळी वर्षं अफवा होऊन फिरत राहिला.

शिवाय तोच मजकूर चार वेळा डोळ्यांखालून गेला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं ते खरं वाटायला लागतं. मानसशास्त्रात हे १९७७ पासून प्रयोगाने दाखवलेलं आहे. शिकलेली माणसंही यातून सुटत नाहीत. दरवर्षी परत येणारा मेसेज दरवर्षी थोडा जास्त खरा वाटतो, तो यामुळे.

तपासणी: आधी तारीख, मग नदी, मग आकडा

तारखेचं बोलून झालं. मेसेजमध्ये दिनांक आणि वेळ नसेल तर तो पुढे जाणार नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं. वेळही हवी, आणि त्याचं कारण राधानगरीच्या दरवाजांतच आहे. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. पहाटे चार उघडे असतील, दहाला दोन आणि संध्याकाळी पुन्हा पाच. पहाटेचा खरा मेसेज दुपारी खोटा असू शकतो. आणि "प्रशासनाने रात्री गुपचूप हे सात दरवाजे उघडले" असं कुणी लिहिलं असेल तर त्याला हे धरण चालतं कसं हेच माहीत नाही, असं खुशाल समजा.

आता नदी. हे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथं होतो आणि घरात नकाशा असूनही आपण तो पाहत नाही.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी मिळून पंचगंगा होते. चिखलीजवळचा प्रयाग तोच. राधानगरी धरण भोगावतीवर आहे, म्हणून त्याचं पाणी कोल्हापूर शहरावरून जातं. काळम्मावाडी धरण दुधगंगेवर आहे. दुधगंगा कोल्हापूर शहराला न शिवता कागलकडून पुढे जाऊन कृष्णेला मिळते. तेव्हा "काळम्मावाडीतून विसर्ग वाढला, शाहूपुरीने सावध राहा" हा मेसेज तारीख-वेळ-सही-शिक्क्यानिशी आला तरी शहरासाठी निरर्थक आहे. दुधगंगाकाठच्या गावांना मात्र तो महत्त्वाचा आहे. चांदोली धरणाचं पाणी वारणेत येतं आणि वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येऊन सांगलीकडे जातं. सांगलीकरांनी कोयना आणि आयर्विन पूल पाहायचा, कोल्हापूरकरांनी राधानगरी आणि राजाराम बंधारा. शिरोळ तालुक्याने मात्र सगळंच पाहायचं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेत मिळते, आणि कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. त्यामुळे कोयनेचा मेसेज कोल्हापूरच्या ग्रुपवर चुकीचा आणि कुरुंदवाडच्या ग्रुपवर बरोबर असू शकतो. मजकूर तोच, जागा बदलली की अर्थ बदलतो. म्हणून आम्ही आता "खरं की खोटं" हा प्रश्न आधी विचारत नाही. "हे पाणी आपल्या दारावरून जातं का?" असं विचारतो.

मग आकडा. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी बाहेर पडतं. हा आकडा दरवर्षी बातम्यांत येतो, लक्षात ठेवायला सोपा आहे. सात दरवाजांचे ९,९९६. वीजगृहातून सुटणारं दीड हजाराच्या आसपास धरलं तर साडेअकरा हजारांच्या घरात. आता दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होतं. म्हणजे सातही दरवाजे उघडे राहिले तर चोवीस तासांत साधारण एक टीएमसी. मागे एका मेसेजमध्ये "राधानगरीतून १ लाख क्युसेक विसर्ग" असं होतं. लाख क्युसेक दिवसभर सोडायचं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी लागेल. राधानगरीची सगळी क्षमताच ८.३६ टीएमसी आहे. पूर्ण भरलेलं धरण चोवीस तासांच्या आत कोरडं पडेल! हा गुणाकार आमच्या ग्रुपवरच्या नववीतल्या मुलीने केला, आणि तेव्हापासून ती आमची अधिकृत गणितज्ञ आहे. लाखाच्या घरातले विसर्ग असतात, पण ते अलमट्टीसारख्या कृष्णेवरच्या मोठ्या धरणांचे. कुणीतरी दोन वाक्यांची सरमिसळ केली होती.

आकड्याबरोबर तो कुठला हेही लागतं. "पाणी ४१ फुटांवर" याला अर्थ नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा ४० ला आणि धोका ४५ ला. तेच ४१ फूट दोन्हीकडे इशाऱ्याच्या वर आहेत, पण धोक्यापासूनचं अंतर वेगळं आहे. आणि सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ या पुढच्या बंधाऱ्यांचे आकडे आणखी वेगळे. पावसाचंही तसंच. "ढगफुटी होणार" याऐवजी मिलिमीटर विचारा. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या पुढे अतिवृष्टीचा शेवटचा टप्पा.

व्हिडिओचं काय करायचं

धावता व्हिडिओ थांबवा आणि पाणी सोडून बाकी सगळं पाहा. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? गाड्यांच्या नंबरात एमएच ०९ दिसतं का? एसटी आहे की दुसऱ्या राज्याची बस? माणसं बोलतायत ती आपल्याकडची मराठी आहे का, की आवाज वरून चिकटवलाय? शिवाजी पुलाचा म्हणून व्हिडिओ आला आणि त्यात शेजारचा नवा पूल दिसायला हवा तिथं नसेल, तर तो जुना आहे. एखादं स्पष्ट चित्र स्क्रीनशॉट करून गुगल लेन्समध्ये टाका. तेच दृश्य तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडलं की प्रश्न मिटला. सापडलं नाही तर मात्र खरं ठरलं असं धरू नका, शोध तेवढ्यापुरता अपुरा राहिला इतकंच.

माझा सगळ्यांत भरवशाचा कस वेगळाच आहे. कोल्हापुरात नदी पात्राबाहेर पडली की निम्मं गाव पंचगंगा घाटाकडे पाणी बघायला जातं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. खऱ्या पुराचे पन्नास व्हिडिओ पन्नास बाजूंनी येतात. एवढी मोठी घटना आणि एकाच कोनातून घेतलेली एकच फीत, हे इथं होत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले पुराचे व्हिडिओही फिरतात. बोटं किंवा पाट्यांवरची अक्षरं बिघडलेली दिसतात का ते जरूर पाहा, पण त्यावर विसंबू नका, ती कसर दर काही महिन्यांनी कमी होतेय. दुसऱ्या कोनाची कसोटी मात्र त्यांनाही लागू पडते. आणि चॅटबॉटला "पंचगंगेची पातळी किती?" असं विचारून आलेला आकडा ग्रुपवर टाकू नका. तो कधीचा आहे हे त्यात बहुधा कळत नाही, म्हणजे पुन्हा तोच तारखेचा दोष.

मेसेजमध्येच डोकं घालून बसू नका

आम्ही सुरुवातीला मेसेज पुन्हा पुन्हा वाचायचो. शुद्धलेखन बघायचो, "भाषा सरकारी वाटते" म्हणायचो. यात फसगत होते. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना इंटरनेटवरची माहिती तपासायला दिली: १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक पडताळणीकार आणि २५ विद्यार्थी. विद्वान मंडळी पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसली आणि देखण्या मांडणीला भुलली. पडताळणीकार काही क्षणांत ते पान सोडून दुसरीकडे गेले, या पानामागे कोण आहे आणि इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं, आणि कमी वेळात जास्त बरोबर उत्तर दिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुलीच्या स्थळाची चौकशी आपण मुलाकडे करत नाही, त्याच्या गल्लीत जाऊन करतो.

पुराच्या बाबतीत गल्लीत जायचं म्हणजे कुठं? जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा नियंत्रण कक्ष, टोल फ्री १०७७. जिल्हा माहिती कार्यालयाचं रोजचं पत्रक, ज्यात बंधाऱ्यांची पातळी, धरणांचा विसर्ग आणि किती बंधारे पाण्याखाली गेले ते वेळेसकट असतं. जलसंपदा विभाग. हवामान खात्याचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र. यांतल्या दोन ठिकाणी जुळलं की पुरे. बातमी वाहिनीचं चिन्ह असलेलं नुसतं चित्र यात धरत नाही, ते कुणीही पाच मिनिटांत बनवतो. "उद्या शाळांना सुट्टी" या जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राचंही तेच: तारीख आणि वार जुळतात का बघा, मग शाळेच्या शिक्षकांना विचारा.

एक प्रकार या सगळ्यातून सुटतो. "२०१९ चा पूर अलमट्टीनेच आणला" यासारखे मेसेज. राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीला त्या पुरासाठी जबाबदार धरलं नाही. कोल्हापूर-सांगलीतल्या पुष्कळांना ते आजही पटलेलं नाही. हा वाद आहे, इशारा नाही. त्यावर भांडायला आम्ही वेगळा ग्रुप काढलाय आणि पावसाळ्यात गल्लीच्या ग्रुपवर तो विषय घेत नाही.

जेव्हा खोटं वाटणारं खरं निघालं

हे सांगितलंच पाहिजे, कारण तपासायला शिकलेल्या माणसाला एक घमेंड चढते. २९ डिसेंबर २०२१ ला सकाळी मेसेज आला: राधानगरीचा दरवाजा उघडा पडलाय, नदीत पाणी वाढतंय, नदीकाठी जाऊ नका. डिसेंबर महिना, आभाळ कोरडं. मी वाचता वाचताच ठरवलं की पावसाळ्यातला जुना मेसेज कुणीतरी उकरून काढलाय, आणि उत्तरही टंकायला घेतलं होतं. तो मेसेज खरा होता. धरणावर दुरुस्तीचं काम चालू असताना एक दरवाजा उघडाच अडकला होता आणि भर हिवाळ्यात भोगावतीत हजारो क्युसेक पाणी उतरत होतं. नदीत मोटारी बसवायला, कपडे धुवायला, जनावरं पाजायला उतरलेली माणसं होती. माझं "खोटं आहे" त्या दिवशी गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो.

तेव्हापासून ग्रुपवर "खोटं" हा शब्द मी वापरत नाही. "तपासतोय, तोवर नदीकडे जाऊ नका" असं लिहितो. इशारा खोटा निघाला तर एक फेरी चुकेल. खरा निघाला तर माणूस वाचेल.

आणि घमेंड फक्त मोबाइलवाल्यांनाच चढते असं नाही. आमच्याकडची जुनी माणसं शिवाजी पुलावरच्या मच्छिंद्री नावाच्या खुणेवरून पुराचा अंदाज बांधायची, आणि २००५ चा पूर पाहिलेल्यांनी त्या खुणेवर भरवसा ठेवला होता. "२००५ ला इथवर आलं नव्हतं" म्हणून २०१९ मध्ये कित्येक जण घरातच थांबले. पाणी २००५ च्या वर गेलं. डोळ्यांनी पाहिलेलीही माहितीच असते, आणि तिलाही तारीख असते.

आता ग्रुपवर काय चालतं

दोन माणसं नेमली आहेत, एक मी आणि एक बॅंकेतून निवृत्त झालेल्या वहिनी. पावसाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी आम्ही एकच मेसेज टाकतो: दिनांक, वेळ, राजाराम बंधाऱ्याची पातळी, काल याच वेळची पातळी, राधानगरीचे किती दरवाजे उघडे, माहिती कुठून घेतली. बस्स. कालची पातळी मुद्दाम देतो. पाणी चढतंय की उतरतंय हे एका आकड्यावरून कळत नाही. हा मेसेज चोवीस तासांपुरताच पिन करतो. व्हॉट्सॲपमध्ये ती सोय आहे, आणि मुदत संपली की पिन आपोआप निघतो. आपला मेसेज कुणी पुढे पाठवला तरी तारीख पहिल्याच ओळीत असल्याने तो पुढच्या वर्षी कुणाला घाबरवू शकत नाही.

बाहेरून आलेला मेसेज कुणी टाकला तर त्यांना फोन करतो. ग्रुपवर नाही, फोन. "तात्या, चांगलं केलंत कळवलंत. हा कधीचा आहे तेवढं पाठवणाऱ्याला विचाराल का?" तात्या विचारतात. पाठवणाराही त्याच्या आधीच्याला विचारतो. दोन-तीन वेळा असं झालं की तात्या स्वतःच पुढे पाठवण्याआधी विचारायला लागले, आणि आता इतर ग्रुपवरही विचारतात. जुना असल्याची खात्री झाली की ॲडमिन म्हणून मूळ मेसेज सगळ्यांसाठी पुसतो आणि तात्यांना तसं आधी सांगतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना त्यावरचं नीट दिसत नाही त्यांच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठा लावलाय. त्यावर ३९, ४३, १०७७, आमचे दोघांचे नंबर, आणि "३९ झालं की पिशवी भरायची, धोका यायच्या आधी निघायचं" असं मोठ्या अक्षरांत. २०१९ मध्ये वीज गेली आणि फोन बंद पडले, तेव्हा ज्ञान सगळं मोबाइलमध्येच अडकलं होतं. आजींच्या दारावरचा पुठ्ठा त्यांनी स्वतः खडूने आणखी मोठा लिहून घेतलाय.

व्हॉइस नोटवर अजून उपाय सापडलेला नाही. "मी इथं धरणावर उभा आहे" असं सांगणाऱ्या आवाजाला तारीख नसते, तपासता येईल अशी खूण नसते, आणि ओळखीच्या बोलीतला आवाज कागदापेक्षा खोल शिरतो. सध्या एवढंच करतो की व्हॉइस नोट टाकणाऱ्याने ती कुणाची आणि कधीची ते खाली टंकायचं, नाही तर ती काढतो. कुणाकडे याहून चांगला तोडगा असेल तर मला तो हवाच आहे.

शेवटची एक सूचना, वरचं सगळं बाजूला ठेवून. पाणी डोळ्यांदेखत चढत असेल, गटारीतून उलटं यायला लागलं असेल, किंवा पोलीस वा महापालिकेची माणसं दारात येऊन निघा म्हणत असतील, तर फोन खिशात ठेवा आणि निघा. रात्र असेल तर वीज बंद करून, गॅसचा कॉक फिरवून, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवून निघा. तपासायचं काम कोरड्या जागेवर गेल्यावर.